राणीच्या बागेत राणीचं कुटुंब : पुतळे बघायला कसं जावं?

तिठा

राणीच्या बागेत काय बघावं, हा प्रश्न दर मे महिन्यात कुणीतरी टाकतं आणि उत्तरंही ठरलेली येतात. पेंग्विन, वाघ, बुधवारी बंद असते, पोरांना टोप्या घाला. पुतळ्यांचं नाव कोणी काढत नाही. पेंग्विनांशी माझं वैर नाही, पण २०१६ साली आलेल्या पाहुण्यांसाठी शंभर-दीडशे वर्षांच्या मुंबईकरांना वळसा घालून पुढे जायचं म्हणजे जरा अतीच झालं. म्हणून हा धागा.

थोडं आवाराविषयी. बाग १८६२ची, उद्घाटन लेडी फ्रिअर यांच्या हस्ते. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. आज अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, तरी टॅक्सीवाल्याला 'राणीबाग' सांगितल्याशिवाय मीटर पडत नाही. त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. ते १८७२ला उघडलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. त्याचं मूळ नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ साली बदललं. नवं नाव अगदी रास्त, कारण संग्रहालय उभं राहावं म्हणून वर्गणी गोळा करण्यात नाना शंकरशेठ आणि भाऊ दाजी हे दोघे पुढे होते.

आता गंमत बघा. संग्रहालयाच्या आत मधोमध प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा उभा आहे. बाहेर आवारात त्याची बायको, म्हणजे खुद्द व्हिक्टोरिया राणी. दोन्ही पुतळे एकाच शिल्पकाराचे, मॅथ्यू नोबलचे. आणि उद्यानाच्या बाजूला घोड्यावर बसलेला त्यांचा थोरला मुलगा एडवर्ड. म्हणजे ज्याच्यामुळे काळा घोडा भागाला नाव पडलं तोच. नवरा घरात, बायको अंगणात, पोरगा घोड्यावर. अख्खं राजघराणं भायखळ्यात, आणि तेही जिजाऊंच्या नावाच्या बागेत.

यातला अल्बर्ट तेवढा आपल्या मूळ जागी आहे. बाकीच्यांना उचलून इथे आणलंय. १९६५ साली फोर्टातल्या चौकांतून ब्रिटिश काळातले पुतळे हलवले, तेव्हा त्यांतले बरेच इथे येऊन पोचले. राणी तारघराजवळच्या नाक्यावर होती, घोडा काळा घोड्याला, आणि गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस आजच्या हॉर्निमन सर्कलमध्ये. संग्रहालयाच्या मागच्या बाजूला गेलात की लॉर्डमंडळी रांगेत उभी दिसतात. कुणाचा हात नाही, कुणाचं नाक नाही, एखाद्याला मुंडकंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे पुतळे 'कोण होता' म्हणून बघू नका, 'इथे कसा आला' म्हणून बघा. मग कंटाळा येत नाही. आणि क्रम असा धरा: आधी हत्ती, मग राणी, मग मागची रांग, मग आत जाऊन अल्बर्ट, आणि शेवटी घोडा. बहुतेक लोक घोड्यापासून सुरुवात करतात, फोटो काढतात आणि तिथेच संपवतात.

हत्ती कुठला, ते माहीत असलेल्यांनी सांगावं. मी लगेच सांगणार नाही.

गवतीचहा

पहिला नंबर माझा! हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते ज्याच्यावरून, तोच हा. बेटावर जाऊन 'हत्ती कुठाय' विचारणारे आमच्या बोटीत दरवेळी भेटतात. त्यांना भायखळ्याला पाठवायला हवं.

बाकी 'नवरा घरात बायको अंगणात' ला दंडवत.

तिठा

@गवतीचहा, शंभरपैकी शंभर.

हत्ती एकाच काळ्या खडकात कोरलेला होता. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. मग तुकडे विलायतेला कशाला न्यायचे, म्हणून ते या बागेत आणून टाकले. १९१४ साली कुणाला तरी सुचलं आणि ते जोडून पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघा, अंगावर सांधे दिसतात. लांबून तो साधा दगडी हत्ती वाटतो, म्हणून लोक पाठ टेकून सेल्फी घेतात आणि निघून जातात. सांध्यांवरून नजर फिरवली की कुठला तुकडा कुठे बसवलाय याचा अंदाज येतो आणि मग पाय निघत नाही.

माझ्या लेखी या आवारातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. बाकी पुतळे राज्य गेल्यावर हलवले. हा एकटाच राज्य जोरात असताना हलवलेला.

आठ_बावन्न_स्लो

रेल्वेप्रेमी म्हणून जाण्यायेण्याचं माझ्याकडे. भायखळा स्टेशन, पूर्वेला बाहेर पडायचं, चालत दहा-बारा मिनिटं. पण स्टेशनातून घाईने निसटू नका. १८५३ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, तेव्हाच्या मार्गावरचं हे स्टेशन. इमारतीचं मूळ रूप परत आणलंय आणि २०२२मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. संग्रहालयाला तोच पुरस्कार २००५मध्ये मिळालेला. म्हणजे दहा मिनिटांच्या चालण्याच्या दोन टोकांना दोन पुरस्कार. मधला रस्ता मात्र आपला नेहमीचा.

तिकिटाचं: उद्यानाचं तिकीट मोठ्यांना ५० रुपये, आईवडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर सगळ्यांचे मिळून १००. संग्रहालयाचं तिकीट वेगळं. बुधवारी दोन्ही बंद. हे सांगितलं नाही तर धागा पूर्ण होत नाही म्हणून सांगितलं.

वेलबुट्टी

छान धागा. पण खरं सांगू? पोरं बरोबर असताना 'इथे कसा आला' वगैरे काही होत नाही. माझी धाकटी हत्तीपाशी पोचेपर्यंत 'माकड कुठे' सुरू करते. शाळकरी मुलांना यात अडकवायचं कसं, त्यावर काही सांगा ना. वाचनखूण साठवली आहे.

छिन्नी

वेलबुट्टीताई, मुलांना नाकं मोजायला सांगा. गंमत नाही करत. मागच्या रांगेत कोणाचं काय तुटलंय ते शोधायला लावलं की पोरं हलत नाहीत. माझा भाचा तिथून निघायला तयार नव्हता.

मी शिल्पकला शिकलोय, त्यामुळे बघायचं कसं यावर थोडं लिहितो.

संगमरवराचे पुतळे आणि ओतीव पुतळे वेगवेगळ्या नजरेने बघावे लागतात. संगमरवरात बाहेर आलेला प्रत्येक भाग म्हणजे जोखीम: नाक, बोटं, हातातली गुंडाळी, राजदंड. दगडाला ताण सोसत नाही. म्हणून चतुर शिल्पकार हात अंगाला चिकटवून ठेवतो, झग्याची घडी पायाशी आणून आधार देतो, मागे खांब किंवा पुस्तकांची चळत ठेवतो. लॉर्ड लोकांच्या पायाशी कायम काहीतरी रचलेलं असतं ते विद्वत्ता दाखवायला कमी आणि घोट्यांना आधार द्यायला जास्त. पुतळ्याच्या मागे जाऊन बघा, लगेच कळेल.

ब्राँझ आतून पोकळ असतं आणि धातू ताण सोसतो. म्हणून घोड्याचे चार बारीक पाय एवढं धूड पेलतात. संगमरवरात तसा घोडा करायचा म्हटलं तर पोटाखाली टेकू द्यावा लागतो.

राणीच्या पुतळ्यात कपड्याच्या कडा बघा. पुतळा लंडनमध्ये घडवून जहाजाने इथे आणलाय. विणकामाची भोकं दगडात पाडायची म्हणजे छिन्नी नाही, गिरमिटाचं काम. एकेक भोक पाडत जायचं, मधली भिंत फुटली की गेलं. आता मुंबईच्या हवेत अशा पृष्ठभागाचं काय होतं? वरची गुळगुळीत साय निघून जाते आणि आतला दाणा उघडा पडतो. कोवळ्या उन्हात तिरकस बघितलं तर गुळगुळीत भाग आणि साखरेसारखा रवाळ झालेला भाग वेगळे ओळखू येतात. पाऊस जिथे थेट लागतो तिथे रवाळ, आडोशाला काळं.

दुपारी बारा वाजता पुतळे बघायला जाऊ नये. उजेड वरून पडतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि सगळे लॉर्ड सारखेच रागीट दिसतात.

काळबादेवी_जुना

छिन्नी यांचा प्रतिसाद आवडला. थोडी भर घालतो.

माझे वडील फोर्टात नोकरीला होते. काळा घोडा तिथे असताना त्यांनी पाहिलेला, आणि गेल्यावरचा मोकळा चौकही. ते म्हणायचे, घोडा गेला तरी बसचा कंडक्टर 'काला घोडा' ओरडायचा आणि लोक बिनदिक्कत उतरायचे. तिथे २०१७ साली नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. हा उपाय मला फार आवडला. नाव राहिलं, राजपुत्र गेला.

जुना घोडा १८७९चा. एडवर्ड युवराज असताना १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी दिलेला. शिल्पकार बोहम. त्यामुळे घोड्यावर राजा नाही, राजपुत्र आहे. गादी मिळायला त्याला १९०१ उजाडावं लागलं, आईसाहेब दीर्घायुषी होत्या ना.

आता राणीच्या पुतळ्याची खरी गोष्ट. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो मुंबईला दिला, १८७२ मध्ये बसवला. आणि १८९६ मध्ये दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी त्याला डांबर फासलं, गळ्यात जोड्यांची माळ घातली. हो, तेच चापेकर. पुढच्याच वर्षी, २२ जून १८९७ला, याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडणारे. पुतळ्याचं काम कुणी केलं ते पोलिसांना तेव्हा लागलं नव्हतं. दामोदरपंतांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात ते स्वतःच सांगून टाकलं.

पुतळ्यासमोर उभे राहाल तेव्हा हे आठवा. शाळेत चापेकर बंधू म्हटलं की आपल्याला गणेशखिंड आठवते. त्याच्या आधीची ही मुंबईतली रात्र फार कमी जणांना माहीत असते, आणि तिचा साक्षीदार अजून भायखळ्यात बसून आहे.

छिन्नी

काका, डांबराची पुढची गोष्ट माझ्याकडे आहे. संगमरवर सच्छिद्र असतो, डांबर आत मुरतं. वरून घासून निघत नाही आणि जास्त घासलं तर दगड जातो. डाग काही केल्या जाईना. शेवटी तो काढला प्रा. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने. हे गज्जर बडोद्याच्या कलाभवनाचे संस्थापक. म्हणजे पुतळा बडोद्याच्या पैशाने आला आणि स्वच्छही बडोद्यात नाव कमावलेल्या माणसाने केला.

गवतीचहा

एका पुतळ्यावर अख्खी वेबसिरीज निघेल राव.

परखड

सगळं ठीक आहे. पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये. ही मंडळी आपल्या छातीवर बसलेली होती. कॉर्नवॉलिसने कायमधाऱ्याची पद्धत (जमीनदारांनी भरायचा सारा कायमचा ठरवून टाकणारी) लादून बंगालच्या शेतकऱ्याचं काय केलं ते वाचा. लोकांनी रागाने हटवलेले पुतळे आता आपण सकाळच्या कोवळ्या उन्हात 'विणकाम बघा' म्हणून कौतुकाने न्याहाळायचे? ब्राँझ वितळवून त्याचे नळ केले असते तर उपयोग तरी झाला असता.

तिठा

परखड, तुमचा राग समजतो, पण इथे आपण कुणाला हार घालायला सांगत नाहीये.

हारावरून आठवलं. कॉर्नवॉलिसचा पुतळा जुन्या बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी होता, तेव्हा लोक खरोखरच त्याला हार-फुलं वाहत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, एवढा मोठा पांढरा पुतळा, घुमटीखाली बसवलेला, म्हणजे साहेबाचा देव असणार. सरकारला ते काही रुचेना, मनाई केली, तरी लोक ऐकेनात. जुन्या मुंबईवर लिहिणाऱ्या इंग्रजांनी हा किस्सा मोठ्या चवीने नोंदवलाय. आज तोच पुतळा मोडक्या अवस्थेत संग्रहालयाच्या मागे आहे. देव म्हणून पुजला, साहेब म्हणून फोडला, आता वस्तू म्हणून ठेवलाय. वितळवला असता किंवा भुगा केला असता तर यातलं काहीच दाखवता आलं नसतं.

माझं मत: तुटलेली नाकं पुन्हा बसवू नयेत. ती मोडतोडही त्या पुतळ्याच्या इतिहासात मोजायची. गाझीपूरला मेलेल्या गव्हर्नर जनरलचं नाक कसं होतं हे कळून मला काय करायचंय? ते कोणी आणि का उडवलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

परखड

नाकाबद्दल सहमत. ठेवण्याबद्दल नाही. निदान पाटीवर स्पष्ट लिहायला हवं. शिल्पकार अमुक, वर्ष तमुक, देणगीदार तमका, याने भागत नाही. मूळ कुठे होता, का काढला, कधी काढला, इथवर सगळं. चापेकरांचं नाव राणीच्या पाटीवर हवं.

काळबादेवी_जुना

परखड, या वाक्याला माझं दुहेरी अनुमोदन.

दूरदेशी

सिडनीहून लिहितेय. आमच्याकडे क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंगसमोर जी बसलेली राणी आहे ना, ती मुळात डब्लिनची. आयर्लंडने १९४८मध्ये आपल्या संसदेच्या दारातून हटवली, मग कित्येक वर्षं अडगळीत ठेवली आणि १९८७मध्ये इथे धाडली. आयरिश लोकांना ती डोळ्यासमोर नको होती, इथल्यांना इमारतीच्या नावाला शोभेल अशी राणी हवी होती. सौदा जमला.

ती आरामात मॉलच्या दारात बसलीय, येणारेजाणारे तिच्या पायाशी मित्रांची वाट बघतात. डब्लिनचा द कोणी काढत नाही. इथे आल्यामुळे तिचं सगळं जुनं भांडण पुसलं गेलं. राणीबागेतली राणी निदान आपल्याच गावात आहे, ज्यांनी तिला डांबर फासलं त्यांच्या नातवंडांना ती बघता येते. म्हणून मला भायखळ्याची सोय जास्त बरी वाटते.

दिल्लीला कॉरोनेशन पार्कमध्येही तसंच आहे ना? इंडिया गेटच्या छत्रीतला पंचम जॉर्ज १९६८ला तिकडे नेला.

तिठा

हो, बरोबर. पण दिल्लीचा जॉर्ज मोकळ्या मैदानात एकटा उंच उभा राहतो, त्यामुळे लांबून अजून सम्राटच वाटतो. आपल्याकडे जोत्यावरून खाली उतरवल्यामुळे फरक पडलाय. घोडा फोर्टात उंच चौथऱ्यावर होता, खालून वर मान करून बघावा लागायचा. पुतळा ज्या उंचीसाठी घडवलेला असतो ती काढून घेतली की त्याचा तोरा जातो. शिल्पकाराने खालून बघणाऱ्याचा हिशोब करून डोकं थोडं मोठं घेतलेलं असतं, छाती पुढे काढलेली असते. जवळून समोरासमोर आलात की ती लबाडी उघडी पडते. छिन्नी, यात काही चुकत असेल तर सांगा.

छिन्नी

चुकत नाही. आणि म्हणूनच इथे शिकायला मिळतं. चौकात असता तर मला बुटाचे तळवे दिसले असते.

आठ_बावन्न_स्लो

घोड्याचा एक पाय वर असेल तर स्वार जखमांनी मेला, दोन्ही वर असतील तर लढाईत, चारही जमिनीवर असतील तर अंथरुणात. हे खरं आहे का? घोड्याचा विषय निघाला की कोणीतरी सांगतंच.

काळबादेवी_जुना

अहो, पुतळा १८७९मध्ये बसवला तेव्हा स्वार धडधाकट जिवंत होता. तो कसा मरणार हे बोहमला कुठून कळणार? एडवर्डने मुंबईतला आपला पुतळा उभारल्यावर एकतीस वर्षं मजेत काढली. असा पायांचा नियम शिल्पकारांमध्ये ठरलेला नाही, फॉरवर्डवाल्यांनी तेवढा पाळलाय.

गवतीचहा

घोडा काळ्या दगडाचा ना? आमच्या शाळेच्या सहलीत तसंच सांगितलं होतं.

छिन्नी

ब्राँझ. उघड्यावर ब्राँझ काळवंडतं, म्हणून दगडासारखं दिसतं. हत्ती दगडाचा, घोडा ब्राँझचा, राणी संगमरवराची. वेलबुट्टीताई, मुलांसाठी हाही एक खेळ होईल: तिन्ही आवारात कुठे ते शोधायचं आणि उन्हात कोण जास्त तापतं ते सांगायचं. हात मात्र लावू देऊ नका, संगमरवराला घामाचा तेलकटपणा बाधतो. सावलीकडे आणि उन्हाकडे आळीपाळीने उभं राहून हात जवळ नेला तरी धातूची धग कळते.

पानगळ

तुम्ही सगळे पुतळ्यांत गुंतलात, झाडांचं एक अक्षर नाही! ही मुळात वनस्पतीबाग आहे हो. प्राणी नंतर आले. आधीची बाग शिवडीला होती, ती जागा दफनभूमीला गेली म्हणून भायखळ्याला नवी केली. म्हणजे पुतळ्यांच्या आधी बागच विस्थापित झालेली.

गोरखचिंच बघितल्याशिवाय परत येऊ नका. बुंधा असा की चार माणसांनी हात धरले तरी कमी पडतील. आफ्रिकेतलं झाड, पण आपल्या किनाऱ्यावर शेकडो वर्षांपासून आहे. कैलासपतीची फुलं खोडावरच लागतात, आणि तोफगोळ्यांएवढी फळं डोक्यावर पडू शकतात, तेव्हा खाली चटई पसरू नका. मार्चच्या आसपास गेलात आणि नशीब जोरावर असेल तर उर्वशी फुललेली दिसेल. लाल फुलांचे लांब झुबके झुंबरासारखे लोंबतात. मूळची ब्रह्मदेशाची, मुंबईत तिचं झाड दिसणं म्हणजे भाग्य.

बागेच्या नूतनीकरणात ही झाडं जाऊ नयेत म्हणून मुंबईच्या बायाबापड्यांनी, हो मुख्यतः बायांनीच, वर्षानुवर्षं लढा दिला. त्यांचा पुतळा कोणी बसवणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

वेलबुट्टी

पानगळताई, उत्तम. आता माझं ठरलं: पोरांसाठी नाकं आणि कैलासपती, माझ्यासाठी चापेकर. नवऱ्यासाठी बाकडं.

तिठा

पानगळताई, झाडांचं राहिलंच होतं, आभार. बागेत एक ग्रीक देवळासारखी गोल घुमटीही आहे, लेडी फ्रिअर टेंपल. तिच्यावर कोणी थांबत नाही, पण बागेतल्या सर्वांत जुन्या बांधकामांपैकी ती. फाटकाजवळच्या डेव्हिड ससून मनोऱ्यावरही नजर टाका. त्यावरच्या मिंटन या इंग्रज कारखान्याच्या फरशा विलायतेहून आलेल्या, आणि तशाच फरशा संग्रहालयाच्या जमिनीवरही आहेत. आत शिरलात की अल्बर्टकडे बघायच्या आधी एकदा पायाखाली बघा.

संग्रहालयात मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतले निरनिराळे व्यवसाय आणि जातीजमाती दाखवणाऱ्या. बाहेर लॉर्ड पुरुष-दीड पुरुष उंच, आणि आत सामान्य मुंबईकर वीतभर. कोणाला किती मोठं घडवायचं हे तेव्हा कोण ठरवत होतं ते तिथे उभ्या उभ्या कळतं.

परखड

हा शेवटचा मुद्दा मात्र पटला. बाहुल्या बघायला येईन. लॉर्डांना नाही.

गवतीचहा

परखड, मागच्या रांगेतून जाताना डोळे मिटून घ्या, मी हात धरते.

तिठा, एक गटग (आपल्या सगळ्यांची भेट) ठरवा ना. शनिवारी सकाळी?

तिठा

चालेल. संग्रहालयाच्या फाटकापाशी, उघडायच्या वेळी. आधी बाहेरचे पुतळे करू, ऊन चढलं की आत अल्बर्ट आणि फरशा. घोडा सगळ्यात शेवटी, ज्यांना थांबायचंय त्यांच्यासाठी. आणि काळबादेवीकाका आले तर राणीपाशी अर्धा तास जास्तीचा धरा.

छिन्नी

येतो. ज्यांना जोत्यांवरचा मजकूर वाचायचाय त्यांनी लहान टॉर्च आणा. झिजलेली अक्षरं समोरून उजेड मारला की दिसत नाहीत. बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून मारायचा, मग खळग्यांत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. खडूने गिरवणं, पाणी मारणं असले उद्योग कृपया करू नका.

परखड

टॉर्च माझ्याकडे आहे. आणतो.

काळबादेवी_जुना

मी येईन, पण गुडघ्यामुळे हळू चालेन. मला राणीपाशीच गाठा.